तळाचा स्वर

पुरुषभर उंचीच्या डबल बासने मागे उभे राहून ताल धरावा, इतरांना आधार द्यावा, एवढीच अपेक्षा १९३०च्या दशकातील जॅझमध्ये त्याच्याकडून असे. ही समजूत प्रामुख्याने मोडली ती जिमी ब्लँटन या कृष्णवर्णीय अमेरिकन तरुणाने. १९१८ साली टेनेसीतील चॅटनूगा येथे जन्मलेला ब्लँटन प्रथम व्हायोलिन शिकला, बासकडे नंतर वळला. १९३९ मध्ये सेंट लुइस येथे त्याचे वादन ऐकून ड्यूक एलिंग्टनने, पदरी बासवादक असतानाही, त्याला आपल्या वाद्यवृंदात घेतले. १९४०च्या ध्वनिमुद्रिकांत ब्लँटनचा बास एलिंग्टनच्या पियानोशी बरोबरीच्या नात्याने बोलतो. तळाचा आधार तो सोडत नाही आणि स्वतंत्र गतही वाजवितो. हे वैभव जेमतेम दोन वर्षे टिकले. क्षयाने ग्रासलेला ब्लँटन जुलै १९४२ मध्ये कॅलिफोर्नियात, वयाच्या तेविसाव्या वर्षी निवर्तला. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला तो त्यानंतर अवघ्या वर्षभराने. ऑस्कर पेटिफर्ड, रे ब्राउन प्रभृतींनी त्याचाच मार्ग पुढे रुंद केला. भार वाहणाऱ्यालाही स्वतःचा आवाज असतो. मात्र तो ऐकणारा एलिंग्टन भेटावा लागतो आणि आयुष्यही पुरावे लागते. ब्लँटनला यांपैकी पहिलेच लाभले.