गार्सिया आणि मुंबईचा आंबा

मुलांनो, दक्षिण मुंबईतील एशियाटिक ग्रंथालयाची पांढरी इमारत तुम्ही पाहिली असेल. त्याच परिसरात साडेचारशे वर्षांपूर्वी एका हकिमांचे घर व बाग होती. त्यांचे नाव गार्सिया द ओर्ता.

गार्सिया पोर्तुगालचे. १५३४ साली ते जहाजाने भारतात आले आणि गोव्यात राहू लागले. अहमदनगरचे सुलतान बुऱ्हाण निजामशहा यांच्यावरही त्यांनी उपचार केले. तेथील हकिमांशी ते औषधांविषयी चर्चा करीत. पुढे पोर्तुगीज सरकारने त्यांना मुंबई बेट भाडेपट्ट्याने दिले.

या बेटावर त्यांचे आंब्याचे एक नवलाचे झाड होते. ते वर्षातून दोनदा फळे देई. मे महिन्याच्या अखेरीस येणारा आंबा वासाने व चवीने सरस असे. दुसऱ्या बहराचा आंबा तितका गोड नसे. पण तो हंगाम नसताना येई, म्हणून त्याचेही मोल मोठे होते.

गार्सिया इब्न सीना यांच्यासारख्या जुन्या विद्वानांचे ग्रंथ वाचत. तरीही डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर त्यांचा अधिक विश्वास होता. भारतातील फळे, मसाले आणि औषधी वनस्पती यांची माहिती त्यांनी एका पुस्तकात लिहिली. ते १५६३ साली गोव्यात छापले गेले.

१५६८ साली गार्सिया वारले. ते ज्यू वंशाचे होते. म्हणून १५८० साली गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्यांची हाडे उकरून जाळली. पुस्तक मात्र टिकले. मुंबईचे ते दोन बहरांचे झाड त्यात आजही भेटते.