न झालेल्या नुकसानीचा हिशेब

बँकेत हयात घालवलेल्या माणसाला एक वाईट खोड असते. दुर्घटनेची बातमी वाचताना तो आधी नुकसानीचा आकडा शोधतो. थॉमस जॅगरच्या चरित्राने मात्र मला पकडले ते एका न झालेल्या नुकसानीमुळे.

जॅगर १८७१ साली फिलाडेल्फियात जन्मला. वडील बिशप. भूगर्भशास्त्र शिकून तो प्राध्यापक झाला, आणि कदाचित तसाच निवृत्तही झाला असता. पण १९०२ साली मार्टिनिक बेटावर माँ पेले हा ज्वालामुखी फुटला आणि सेंट पिअर हे शहर काही मिनिटांत जळून गेले. २८ हजारांच्या आसपास माणसे गेली. पाहणीला गेलेल्या तरुण जॅगरने ती राख पाहिली. अनर्थ घडल्यावर धावत जायचे, दगड गोळा करायचे नि परतून निबंध लिहायचा, हे शास्त्र त्याला अपुरे वाटू लागले. डोंगराशेजारी बिऱ्हाडच करायला हवे!

ते त्याने १९१२ साली केले, हवाई बेटावर, किलाउआच्या काठाशी. पैसा बराचसा स्थानिक व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून आला. भूकंपमापकाचे तळघर खणायला कैदी होते. तारण काय ठेवणार होता हा गृहस्थ? मी तरी कर्ज मंजूर केले नसते.

त्याने एक साधा हिशेब मांडला. दूरच्या भूकंपाचा हादरा जमिनीतून मिनिटांत पोचतो, समुद्राच्या लाटेला मात्र कित्येक तास लागतात. मधला वेळ आपला. फेब्रुवारी १९२३ मध्ये कामचात्काचा हादरा यंत्रावर उमटला, तेव्हा त्याने हिलोच्या बंदर अधिकाऱ्याला सावध केले. अधिकाऱ्याने ते मनावर घेतले नाही. लाट आली आणि एक कोळी बुडाला. अधिकाऱ्याला दोष देताना माझा हात अडखळतो. अमुक वाजता समुद्र चढेल असे सांगणारा प्राध्यापक माझ्या टेबलासमोर उभा राहिला असता, तर मीही त्याला चहाच पाजला असता.

दहा वर्षांनी, मार्च १९३३ मध्ये, जपानच्या सान्रिकू किनाऱ्याजवळ भूकंप झाला. तिथे सुमारे ३ हजार माणसे गेली. जॅगरने पुन्हा इशारा दिला, आणि या वेळी लोकांनी ऐकले. होड्या खोल पाण्यात गेल्या, धक्क्यावरचा माल हलला. लाट आली. हवाईत एकही माणूस दगावला नाही.

त्याचे सगळेच बरोबर होते असे नाही. १९३५ साली हिलोकडे सरकणाऱ्या लाव्ह्यावर त्याने लष्करी विमानांतून बॉम्ब टाकवले. लाव्हा थोड्याच दिवसांत थांबला, पण तो बॉम्बमुळे थांबला हे पुढच्या शास्त्रज्ञांना पटलेले नाही.

१९४० साली तो निवृत्त झाला. १ एप्रिल १९४६ च्या सकाळी अलूशियन बेटांकडून लाट आली, तेव्हा इशारा द्यायला कोणीच नव्हते. हवाईत १५९ माणसे गेली, त्यांत शाळेतली मुले होती. त्यानंतर, १९४९ साली, होनोलुलूजवळ इशारा केंद्र उभे राहिले. जॅगरने ते पाहिले. १९५३ साली तो वारला.

आपल्या अंदमान-निकोबारवर डिसेंबर २००४ मध्ये लाट आली, तेव्हा हिंदी महासागरात अशी यंत्रणा नव्हती. हैदराबादचे केंद्र सुरू झाले २००७ साली.