एम. कृष्णन

माधवय्या कृष्णन (जन्म : ३० जून १९१२, मृत्यू : १८ फेब्रुवारी १९९६) हे भारतीय निसर्गलेखक आणि वन्यजीव छायाचित्रकार होते. एम. कृष्णन या नावाने ते ओळखले जातात. दूरपल्ल्याची लेन्स बसवून स्वतः जुळवलेला कॅमेरा आणि त्यातून टिपलेली कृष्णधवल छायाचित्रे हे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य होय.

जीवन

कृष्णन यांचा जन्म तमिळनाडूतील तिरुनेलवेली येथे झाला. आठ भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. त्यांचे वडील अ. माधवय्या हे तमिळ कादंबरीकार व समाजसुधारक होते. १९२५ मध्ये त्यांचे निधन झाले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमधून पदवी घेतल्यावर कृष्णन यांनी कायद्याची पदवीही मिळवली. त्यांचा विवाह इंदुमती हसबनीस यांच्याशी झाला.

१९४२ मध्ये त्यांनी घोरपडे या मराठा घराण्याच्या संडूर संस्थानात नोकरी धरली. हे संस्थान आजच्या कर्नाटकात बळ्ळारीजवळ होते. तेथे त्यांनी शिक्षक, न्यायाधीश, प्रसिद्धी अधिकारी आणि राजकीय सचिव अशी निरनिराळी कामे केली. भोवतालच्या डोंगराळ रानामुळे वन्यजीवनाचे निरीक्षण करण्याची संधी त्यांना मिळाली. याच घोरपडे घराण्यातील एम. वाय. घोरपडे हेही पुढे वन्यजीव छायाचित्रकार म्हणून नावारूपाला आले. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले. त्यानंतर कृष्णन यांनी सरकारी नोकरी पत्करली नाही. मद्रासला राहून लेखन आणि छायाचित्रण यांवर त्यांनी उदरनिर्वाह केला.

छायाचित्रण

हत्ती, गवा यांसारख्या प्राण्यांच्या फार जवळ जाणे धोक्याचे असते. शिवाय माणसाची चाहूल लागताच प्राणी आपले स्वाभाविक वर्तन सोडतो. अशा वेळी दुरूनच प्राण्याची प्रतिमा मोठी मिळवण्यासाठी जास्त नाभीय अंतराची लेन्स लागते. तेवढ्याच अंतरावरून नाभीय अंतर दुप्पट केले, की फिल्मवरील प्रतिमाही सुमारे दुप्पट मोठी होते. मात्र हाताचा कंपही त्याच प्रमाणात वाढतो, स्पष्टतेचा पट्टा अरुंद होतो आणि लेन्सचे वजन वाढते. झाडांच्या सावलीत प्रकाश कमी असल्याने शटर अधिक वेळ उघडे ठेवावे लागते. त्यामुळे चित्र हलण्याची शक्यता वाढते. लेन्सची निवड करताना पल्ला, प्रकाश आणि वजन यांचा मेळ घालणे म्हणूनच आवश्यक ठरते.

कृष्णन यांनी हा मेळ तयार उपकरणात शोधला नाही. एका कंपनीच्या कॅमेऱ्याची बॉडी, दुसऱ्या कंपनीची टेलिफोटो लेन्स आणि इतर सुटे भाग एकत्र जोडून त्यांनी आपले उपकरण उभे केले. अशा जोडणीत लेन्स आणि फिल्म यांच्यातील अंतर अचूक राखावे लागते. ते चुकल्यास प्रतिमा धूसर येते आणि सांध्यातून प्रकाश शिरल्यास फिल्म खराब होते. कृष्णन या उपकरणात सतत सुधारणा करत राहिले आणि त्याच्या एका आवृत्तीला त्यांनी विनोदाने 'सुपर पाँडेरोसा' असे नाव दिले. निसर्गतज्ज्ञ ई. पी. गी यांनी १९६४ मधील आपल्या पुस्तकात या उपकरणाची नोंद केली आहे. ते हाताळणे अतिशय कठीण असावे, परंतु त्यातून मिळणारी छायाचित्रे उत्कृष्ट आहेत, असे त्यांचे मत होते.

लेखन व संशोधन

द स्टेट्समन या दैनिकातील 'कंट्री नोटबुक' हे सदर कृष्णन यांनी १९५० पासून मृत्यूपर्यंत चालवले. त्यात वाघ-हत्तींबरोबरच परसातील पक्षी, खारी आणि झाडे यांनाही स्थान होते. देशाची ओळख त्याच्या मूळ वनस्पती व प्राणी यांवर अवलंबून असते, या भूमिकेतून त्यांनी परदेशी झाडांच्या लागवडीला विरोध केला.

१९६८ मध्ये मिळालेल्या जवाहरलाल नेहरू अधिछात्रवृत्तीतून त्यांनी द्वीपकल्पीय भारतातील मोठ्या सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण केले. ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९७५ मध्ये 'इंडियाज वाइल्डलाइफ इन १९५९–७०' या नावाने ग्रंथरूपात प्रकाशित केले.

सन्मान व वारसा

भारत सरकारने १९६० मध्ये कृष्णन यांना पद्मश्री प्रदान केली. १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा ग्लोबल ५०० सन्मान त्यांना मिळाला. त्यांच्या छायाचित्रांचा व लेखांचा 'आय इन द जंगल' हा संग्रह मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.