तीन काळ जगलेला कर्मवीर: दादासाहेब गायकवाड

आपल्या चळवळीत एक वाद कायम चालतो. ज्येष्ठ म्हणतात, आजच्या पोरांमध्ये त्याग उरला नाही. तरुण म्हणतात, जुन्यांनी नुसत्या तडजोडी केल्या. दोघांनीही कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे आयुष्य एकदा डोळ्यांखालून घालावे.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावी झाला. त्यांच्या आधीच्या पिढीत लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर होते. लष्करभरती बंद झाल्यावर त्या पिढीने सरकारकडे अर्ज लिहिले, जातिभेदावर लेखणी चालवली. त्या काळात तेवढे करायलाही मोठी छाती लागत होती.

१९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले आणि काळ बदलला. दादासाहेबांची पिढी या सत्याग्रहाच्या युगात घडली. २ मार्च १९३० रोजी नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. तो पुढे काही वर्षे चालवण्याचा भार दादासाहेबांनी वाहिला. दगड, लाठ्या, तुरुंग, गावागावांतला बहिष्कार असे सगळे सोसून झाले, तरी दार उघडले नाही. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी पत्राने त्यांना हा लढा थांबवायला कळवले. ज्या दारासाठी अंगावर वळ घेतले, त्या दाराकडे पाठ फिरवणे सोपे नव्हते. दादासाहेबांनी ती फिरवली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांच्याच जिल्ह्यातल्या येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली, आणि १९५६ नंतर ते बौद्ध म्हणून जगले.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर तिसरा काळ आला. मतदानाचा हक्क मिळाला होता, पण खेड्यातल्या माणसाच्या पायाखाली स्वतःची जमीन नव्हती. १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर गेलेल्या दादासाहेबांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. ६ डिसेंबर १९६४ पासून तोच लढा देशभर पेटला. पडीक जमीन कसणाऱ्यांना द्या, ही साधी मागणी घेऊन बायाबापड्या लेकरांसह तुरुंगात गेल्या. पक्षातल्या काही शिकलेल्या सहकाऱ्यांना हा मार्ग मान्य नव्हता. पक्ष फुटला, त्यामागे हाही एक मतभेद होता. पुढे दादासाहेबांनी काँग्रेसशी समझोता केला आणि त्यावर टीकाही झाली. ती टीका झाकून ठेवण्याचे कारण नाही.

२९ डिसेंबर १९७१ रोजी ते गेले. पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. ही वसतिगृहांत शिकलेली, शहरातल्या वस्त्यांत वाढलेली, पुढाऱ्यांच्या फाटाफुटीला विटलेली पिढी होती. तिचा संताप तिच्या काळाने दिला होता, जशी दादासाहेबांची चिकाटी त्यांच्या काळाने दिली होती.

तरुण मित्रांनो, तथागतांनी सांगितलेले अनित्य चळवळीलाही लागू आहे. अर्ज, सत्याग्रह, जमीन, मोर्चा ही साधने बदलत गेली, समतेचे ध्येय बदलले नाही. दादासाहेबांचे मोठेपण हे, की जुने साधन निरुपयोगी झाल्यावर ते खाली ठेवून त्यांनी नवे हाती घेतले. आज कंत्राटी नोकरी, महागडे शिक्षण आणि हातातला मोबाईल हा आपला काळ आहे. जुन्यांना नावे ठेवण्याआधी त्यांचा काळ समजून घेऊ, आणि आपल्या काळाचे साधन आपणच शोधू.

जय भीम! नमो बुद्धाय!