आठ आण्यांची विकेट

होस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाला एक डिग्री अगदी फुकटात मिळते, ती म्हणजे कोचिंगची! सकाळी सबमिशन असलं, जर्नल अर्धवट असलं, तरी रात्री दोन वाजता टीव्ही रूममध्ये बसून आपण ठरवत असतो की अमक्या फुटबॉल टीमच्या कोचला काही कळत नाही, तमका स्ट्रायकर उगाच बेंचवर बसलाय, आणि कॅप्टनचा पट्टा याच्या दंडावर बांधला तरी कुणी? २०१४ ते २०१९ या काळात एफसी पुणे सिटी बालेवाडीला खेळायची, तेव्हा मेसच्या टेबलावर याच चर्चा व्हायच्या. टीम गेली, चर्चा राहिल्या.

पण टीममध्ये कुणाला घ्यायचं आणि कप्तान कुणाला करायचं, यावरून भांडणारं पुणं काही आजचं नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी याच शहरात एका खेळाडूवरून असाच वाद पेटला होता. खेळ फुटबॉल नव्हता, क्रिकेट होतं. खेळाडू इतका भारी होता, की त्याच्या बोलिंगबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. अडचण होती ती त्याच्या जातीची. त्या खेळाडूचं नाव पालवणकर बाळू.

नाव ऐकलंय? आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेलं नसेल. सचिन, गावस्कर यांच्या आकडेवारीवर रात्र काढणाऱ्या पोरांनाही हे नाव ठाऊक नसतं. म्हणून हा लेखप्रपंच.

बाळू यांचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराणं मूळचं कोकणातल्या पालवण गावचं, म्हणून पालवणकर. जात चांभार, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब पुण्यात आलं. पुणं तेव्हा लष्कराचं मोठं ठाणं. कॅम्पात आणि खडकीला गोरे अधिकारी क्रिकेट खेळायचे. त्यांनी टाकून दिलेल्या बॅट आणि बॉल घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. कोच नाही, किट नाही, नेट नाही.

पहिली नोकरी लागली ती पुण्यातल्या पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात. काम काय, तर मैदान झाडायचं, पिचवर रोलर फिरवायचा आणि कधीमधी मेंबर लोकांना बोलिंग टाकायची. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात लागले. पगार एक रुपयाने वाढला! काम तेच. नेट बांधा, पिच आखा, टेनिस कोर्टाची देखभाल करा. तिथल्याच एका साहेबाने त्यांना नेटमध्ये बॉल टाकायला सांगितलं, आणि साहेब लोकांच्या लक्षात आलं की हा ग्राउंडमन साधासुधा नाही.

बाळू डाव्या हाताचे स्पिनर. बॉलला उंची देणं, वेग मधेच कमीजास्त करणं, एकाच ॲक्शनमधून बॉल आत किंवा बाहेर वळवणं, हे सगळं ते नेटमध्ये शिकले. शिकले म्हणजे कुणी शिकवलं नाही. दिवसच्या दिवस निरनिराळ्या बॅट्समनना बॉल टाकत, कोण कुठे चुकतो ते बघत, स्वतःच शिकले. त्यांचं खरं गिऱ्हाईक होतं कॅप्टन ग्रेग, त्या काळातला हिंदुस्थानातला नावाजलेला गोरा बॅट्समन. असं सांगतात की हा ग्रेग इतरांच्या आधी तासभर येऊन बाळूंच्या बोलिंगवर सराव करायचा, आणि बाळूंनी आउट केलं की दर वेळी आठ आणे द्यायचा. हिशेब करा. महिन्याला चार रुपये पगार आणि विकेटला आठ आणे, म्हणजे आठ विकेट काढल्या की दुसरा पगार!

आता यातली मेख बघा. या क्लबात बाळूंनी वर्षानुवर्षं तासन्‌तास बोलिंग टाकली, पण त्यांच्या हातात बॅट कधी कुणी दिली नाही. उन्हात घाम गाळून बॉल टाकायचा तो नोकराने. बॅटिंग करायची ती साहेबाने. ही विभागणी लक्षात ठेवा, कारण ती पुढे आयुष्यभर त्यांच्या पाठीशी लागणार होती, फक्त साहेब बदलणार होते.

पुण्यातल्या हिंदू क्लबाला गोऱ्यांच्या टीमला हरवायचं होतं. जिंकायचं तर बाळू हवेत, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण टीममधले काही ब्राह्मण खेळाडू तयार नव्हते. टीममध्ये तेलुगू भाषक खेळाडूही होते, त्यांनी मात्र बाळूंची बाजू उचलून धरली. त्यात ग्रेगनेच जाहीरपणे म्हटलं, की अशा बोलरला बाहेर ठेवणारे लोक मूर्ख ठरतील. अखेर बाळूंना घेतलं. पण कसं घेतलं ते वाचा. मैदानावर सगळ्यांनी तोच बॉल हाताळायचा. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये, आणि बाळू बाहेर. त्यांचा चहा मातीच्या भांड्यात, वापरून फेकून द्यायच्या. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर. तोंड धुवायचं असलं तर पाणी घालायला त्यांच्याच जातीतला माणूस.

तरीही त्यांनी विकेट काढल्या. पूना क्लबच्या गोऱ्यांना हरवलं. मग टीम साताऱ्याला गेली. तिथल्या जिमखान्याने बाळूंची बोलिंग बोथट व्हावी म्हणून पिच खास तयार केलं होतं. बाळूंनी त्या पिचवर सात विकेट घेतल्या! पुण्यात जाहीर कौतुक झालं. न्यायमूर्ती रानडे यांनी खेळाडूंना या भेदभावाबद्दल खडसावलं. ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत खाण्यापिण्यात कसली अडचण, हा त्यांचा सरळ मुद्दा होता.

आता थोडं थांबून त्या मॅचच्या प्रेक्षकांचा विचार करूया. मैदानाभोवती उभे राहून टाळ्या वाजवणारे हजारो पुणेकर. त्यांना बाळू हवे होते, पाच विकेट हव्या होत्या, जल्लोष हवा होता. पण लंचला तो माणूस कुठे बसतो, हे त्यातल्या किती जणांनी विचारलं असेल? फॅन म्हणून आपण सगळेच जरा असे असतो. गोल पाहिजे, माणूस नंतर बघू.

पुढे बाळू मुंबईला आले. हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले, तिथेही काही मेंबरांनी कुरकुर केली, पण त्यांना घेतलं गेलं. बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरी मिळाली. मुंबईत एक फरक पडला. पुण्याने ज्यांना बाहेर चहा दिला, त्यांना मुंबईच्या जिमखान्याने आत बसवून जेवू घातलं. पुणेकरांनो, हे जरा टोचतंच!

फेब्रुवारी १९०६. मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन सामना. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची चळवळ जोरात होती, त्यामुळे हा नुसता सामना राहिला नव्हता. हिंदू टीमने १०९ रन्सनी बाजी मारली. टीममध्ये बाळू आणि शिवराम दोघेही, आणि दुसऱ्या डावात गोऱ्यांचा खुर्दा उडवण्यात मोठा वाटा बाळूंचा होता. एक चांभाराचा मुलगा देशाची अब्रू राखतोय, हे पाहून वर्तमानपत्रांनी जातिभेदावर लिहायला सुरुवात केली.

१९११ साली अखिल भारतीय म्हणता येईल अशी पहिली टीम इंग्लंडला गेली. कप्तान पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय वर्षं १९. कप्तानी कशावर मिळते, याचं याहून स्वच्छ उदाहरण नाही! महाराज मोजकेच सामने खेळले. टीमने २३ सामन्यांपैकी १५ गमावले आणि ६ जिंकले. आणि बाळू? दौऱ्यात ११४ विकेट, सरासरी १८.८४. केंब्रिज युनिव्हर्सिटीच्या एकाच डावात ८ विकेट, लेस्टरशरविरुद्ध सामन्यात ११, आणि तो सामना आपण जिंकला. तेव्हा त्यांचं वय ३५ होतं. रोज बॉल टाकून खांदा भरून आलेला असायचा, तरी टीमला दुसरा पर्याय नव्हता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. परत आल्यावर बाळूंचे सत्कार झाले, दलित समाजात ते हिरो झाले. तरुण भीमराव आंबेडकरही त्यांना मानत होते. धाकटे भाऊ विठ्ठल आणि गणपत हेही टीममध्ये आले, आणि एक वेळ अशी आली की हिंदू टीममध्ये चार सख्खे भाऊ एकत्र खेळत होते. मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत टीमचा कणा हेच घर होतं. तरी बाळू कप्तान? छे! त्यांना कप्तान करा अशी मागणी दरवर्षी व्हायची आणि दरवर्षी बाजूला सारली जायची. कप्तान एम. डी. पै यांनी तर स्वतःच्या सत्कारात सांगितलं होतं, की हा मान खरं तर ज्येष्ठ म्हणून बाळूंचा.

१९२० साली स्फोट झाला. पै आजारी पडले. आता तरी विठ्ठल किंवा शिवरामला संधी मिळेल असं सगळ्यांना वाटलं. कमिटीने बाळूंनाच टीममधून वगळलं, आणि कप्तान केलं पुण्याच्या दि. ब. देवधरांना. देवधर थोर बॅट्समन, त्यात वाद नाही, पण अनुभवाने विठ्ठलच्या मागे. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन काढून माघार घेतली. जातीवरून डावललं जातंय, हे त्यांनी मोकळेपणाने मांडलं.

आणि इथे फॅन जागे झाले. वर्तमानपत्रांत पत्रं येऊ लागली, चर्चा झडल्या. गांधीजींनी अस्पृश्यतेचा प्रश्न राष्ट्रीय चळवळीच्या मध्यभागी आणायला सुरुवात केली होती, त्याचंही वजन पडलं. पारशांविरुद्धच्या फायनलला कमिटीने नमतं घेतलं. भाऊ परतले, बाळू उपकप्तान झाले. मॅच चालू असताना पै मुद्दाम मैदानाबाहेर गेले, आणि थोडा वेळ का होईना, बाळूंनी टीमची सूत्रं हातात घेतली. तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. याच वर्षी धाकटा गणपत वारला. आनंद आणि दुःख एकाच वर्षात.

पुढे १९२३ साली विठ्ठल पूर्ण कप्तान झाले आणि हिंदू टीम फायनलमध्ये युरोपियनांना हरवून जिंकली. लोकांनी त्यांना खांद्यावर उचललं. ज्यांच्या मोठ्या भावाला पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळायचा, त्यांना उचलणारे बरेचसे हात सवर्णांचे होते. पहिला भाऊ राबला, दुसऱ्याला मान मिळाला. पण तो आपोआप मिळाला नाही, मागे माघार घ्यायची हिंमत होती आणि लोकांचा दबाव होता.

बाळू पुढे राजकारणात आले. १९३२ साली पुण्यातच येरवड्याला पुणे करार झाला, त्यावर त्यांची सही आहे. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते गांधीजींच्या बाजूला राहिले. १९३७ साली काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. जे एकेकाळी एकमेकांचे चाहते होते ते एकमेकांसमोर उभे. यावर मतं वेगवेगळी असू शकतात, पण आयुष्य सरळ रेषेत जात नाही, एवढं खरं. १९५५च्या जुलैमध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

त्यांच्या पहिल्या दर्जाच्या सामन्यांचा हिशेब सांगतो: ३३ सामने, १७९ विकेट, सरासरी १५.२१. भारताची पहिली कसोटी १९३२ची, तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. एकही कसोटी नाही आणि पूर्ण कप्तानी एकदाही नाही. देवधरांचं नाव एका ट्रॉफीला दिलं गेलं, तेही योग्यच. पण शेजारी बाळूंचं नाव कुठे दिसतं?

मित्रांनो, इंजिनिअरिंगमध्ये आपण लोड कुठे पडतो आणि फेल्युअर कुठे होतं हे शिकतो. बाळूंच्या बाबतीत सगळा लोड एकाच खांद्यावर आणि क्रेडिट भलतीकडे. मला वाटतं, हे आपल्याही ग्रुप प्रोजेक्टमध्ये होतं, फेस्टच्या कमिटीत होतं, इंटर हॉस्टेलच्या टीममध्येही होतं. कोण राबतो ते सगळ्यांना माहीत असतं, आणि कोऑर्डिनेटर म्हणून नाव लागतं ते दुसऱ्याचं. मेसमध्ये रोज आपल्याला वाढणाऱ्या काकांचं नाव तरी आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं?

फुटबॉल असो की क्रिकेट, रात्री दोनला कोचला शिव्या घालायला हरकत नाही, त्यात मजा आहेच. पण टीमची यादी लागेल तेव्हा एवढं जरूर बघा, की कोण बाहेर राहिलं आणि का. आणि कारण चुकीचं वाटलं तर टीव्ही रूममध्ये बोलून गप्प बसू नका. कमिटीच्या मीटिंगला जाऊन तिथे बोला.