खासगीचा हिशेब

नगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातलं चौंडी. तिथं १७२५ साली माणकोजी शिंद्यांच्या घरी अहिल्या जन्मली आणि पुढं होळकरांची सून झाली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या. सासरे मल्हाररावांनी गळ घातली, तेव्हा थांबल्या.

१७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. दौलत हाती आली ती अशी, एकेक चिता विझल्यावर. महेश्वरी बसून त्यांनी जवळजवळ तीस वर्षं कारभार पाहिला. सरकारी खजिना वेगळा, खासगी वेगळी. काशी विश्वनाथाचं देऊळ, ठिकठिकाणचे घाट, धर्मशाळा यांचा खर्च खासगीतून. उमेदीची वर्षं बँकेत खतावण्या तपासण्यात घालवलेल्या माझ्यासारख्याला हे शहाणपण मोठं वाटतं. आपलं काय आणि आपलं नाही ते काय, हे कळलं की सचोटी फार दूर नसते.

पण १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुलगी मुक्ता सती जायला निघाली. नातू आधीच गेला होता. आईनं परोपरीनं विनवलं. मुक्ता थांबली नाही. सासऱ्यांना जे साधलं, ते राज्य चालवणाऱ्या आईला साधलं नाही.

त्यानंतरही अहिल्याबाई कामाला बसल्या, १३ ऑगस्ट १७९५ ला डोळे मिटेपर्यंत. आज जिल्ह्यालाच त्यांचं नाव आहे. पोटची मुलगीसुद्धा आपल्या खात्यावर नसते, हे कळूनही दुसऱ्यांची खाती चोख ठेवणं, याहून मोठं पुण्य मला तरी ठाऊक नाही.