पाणपोईतील शिवपूजा

श्रावणात शिवालये गजबजतात, आणि काशी-सोमनाथाची यात्रा करून आलेल्या भाविकांच्या मुखी पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे नाव येते. काशीविश्वेश्वराचे मंदिर त्यांनीच इ. स. १७८० च्या सुमारास पुन्हा उभारले. परंतु आज आम्हांस देवळांहून त्यांच्या पाणपोयांविषयीच अधिक लिहावेसे वाटते.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी गावी १७२५ मध्ये त्यांचा जन्म झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, तेव्हा त्या सती जावयास निघाल्या होत्या. सासरे मल्हारराव यांनी विनवण्या करून त्यांस मागे फिरविले. पुढे १७६६ त मल्हारराव व वर्षभरातच पुत्र मालेराव निवर्तले आणि दौलतीचा भार या विधवेच्या माथी आला.

नर्मदातीरी महेश्वरास राहून त्यांनी तो वाहिला. दानधर्म चाले तो मुख्यतः खासगीच्या, म्हणजे होळकर घराण्यातील स्त्रियांकडे असलेल्या जहागिरीच्या उत्पन्नातून. रोज गोरगरिबांस अन्न मिळे. सणावारी तर अगदी खालच्या थरातील लोकांसही जेवू घालीत. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी रस्त्यांवर पाणी घेऊन माणसे उभी असत आणि थंडी पडू लागली की दुबळ्यांस कपडे वाटले जात. महेश्वराच्या आसपास नांगराचे बैल मध्येच थांबवून त्यांस पाणी पाजीत. शेतांतून हुसकलेल्या पाखरांसाठी उभ्या पिकाची शेते विकत घेऊन ठेवीत! हे केवळ भाटांचे कवन नव्हे. बाईंच्या मागे माळव्यात आलेल्या माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने चौकशी करून हे लिहून ठेविले आहे. काशीहून गंगाजल दक्षिणेतील देवांस जाई, ते अर्थातच योग्य. पण तहानलेल्या बैलाच्या तोंडी लागलेले पाणीही, आमच्या मते, त्याच महादेवास पोहोचत होते.

घरी मात्र दुःखाने पाठ सोडली नाही. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले व कन्या मुक्ताबाई सती जावयास निघाली. एकेकाळी सासऱ्यांनी जी विनवणी केली होती, तीच आता आईने लेकीस केली. लेक मागे फिरली नाही. चिता पेटताना बाई तेथेच उभ्या होत्या. नंतर तीन दिवस त्यांनी अन्नास स्पर्श केला नाही.

तरीही राज्यकारभार सुटला नाही, अन्नदान थांबले नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, श्रावण वद्य चतुर्दशीस, महेश्वर येथे त्यांनी देह ठेविला.